जोडव्याच्या जागचा चिमटा

घ्या वहिनी, हवा तेवढा कढीपत्ता तोडा. फक्त ती शेंड्याची फांदी राहू द्या, या उन्हात एकदा करपली की पुन्हा पालवी फुटायला दिवाळी उजाडेल. आणि लगेच आत पळू नका. तुमच्या भाचीबद्दल बोलायचंय.

तुमच्याकडच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तुम्ही आत पन्हं ओतत होतात, तेव्हा बाहेर काय खुसफूस चालली होती ते तुमच्या कानावर आलं नाही, हे बरंच झालं. ए-ब्लॉकच्या त्या दोघी. एक म्हणते, “बाळंतपणात तब्येत चांगलीच कमावली हो हिनं.” दुसरी म्हणते, “सगळी कमरेच्या खालीच कमावली पण!” आणि मग फिदीफिदी. पोरगी दोन खुर्च्या सोडून बसलेली, म्हणजे ऐकू गेलं असणारच. माझ्या हातात कैरीच्या डाळीची वाटी होती म्हणून मी गप्प बसले, नाहीतर माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

पण मी तेव्हा तिचे पाय बघत होते. हसा खुशाल, जन्म वॉर्डात घालवलेल्या बाईची नजर तोंडाआधी पायांकडेच जाते. बाळाला उचलायला ती वाकली आणि सलवार थोडी वर गेली. घोट्याच्या जरा वर, पैंजण टेकतं ना, बरोबर तिथे मांसाची एक वळी. वळीच्या वर पोटरी भरगच्च. आणि खाली पाऊल बघाल तर नाजूक, बोटांची हाडं मोजून घ्या. दोन्ही पायांचं तेच. नडगीवर दोन काळेनिळे डाग होते. मी विचारलं, कुठे आपटलीस गं? तर म्हणते, “आठवतच नाही मावशी, असे येतातच.” आणि बाळ मांडीवर उभं राहिलं की इतकं दुखतं, की डोळ्यांतून पाणी येतं तिच्या.

नुसत्या लठ्ठ मांडीला असं बोट लावलं की दुखत नाही, वहिनी.

मग मी तिला तुमच्या आतल्या खोलीत नेलं. तुम्हाला वाटलं बाळाला झोपवायला. नाही, मला तिचा चिमटा घ्यायचा होता! पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट, जोडवं घालतो ते. त्याच्या बुंध्याशी, जोडव्याच्याच जागी, वरची कातडी चिमटीत धरून उचलून बघायची. स्टेमर नावाच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये ही खूण लिहून ठेवली. त्यांना आपली जोडवी कुठून माहीत असणार, पण जागा नेमकी तीच निघाली. कातडी जाड, घट्ट, चिमटीत येतच नसेल तर तो लिंफेडिमा, म्हणजे लिंफ तुंबून आलेली सूज, समजायचा. सहज उचलली गेली तर बहुधा नाही. बहुधाच म्हणते मी, कारण लिंफेडिमा नवा-नवा असेल तर चिमटा फसवतो. तुमच्या भाचीची कातडी अलगद उचलली गेली. चपलेचा नंबरही लग्नाआधीचाच आहे तिचा, मी विचारून घेतलं. सलवारीचं कापड वाढत गेलं आणि चपलेचा नंबर मात्र जिथल्या तिथे, हे लक्षात ठेवा.

मला विचाराल तर हा लिपेडिमा दिसतोय. शिक्कामोर्तब डॉक्टरांनीच करायचं, मी फक्त निवृत्त सिस्टर. पण पाहून पाहून कळतं ना.

नाव नवीन वाटलं तरी दुखणं जुनंच आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अ‍ॅलन आणि हाइन्स नावाचे दोन डॉक्टर होते, गंमत म्हणजे दोघंही एडगर. त्यांनी १९४० मध्ये हे लिहून ठेवलं. हे दुखणं बहुतेककरून बायकांनाच होतं, कमरेखाली चरबीच्या रूपात दोन्ही बाजूंनी सारखं वाढतं, पावलं सोडून देतं, दुखतं, जरा धक्का लागला की काळंनिळं होतं, आणि उपाशी राहून उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला तो अकराव्या आवृत्तीत, ती लागू झाली २०२२ मध्ये. मधल्या ब्याऐंशी वर्षांत किती पोरींना “जिभेवर ताबा ठेवा” म्हणून परत पाठवलं असेल, हिशेब करा. तुमच्या भाचीलाही तिकडे गुरुग्रामात एका डॉक्टरनं पाच मिनिटांत तेच सांगितलं. पायाला हातसुद्धा लावला नाही. तिनं मनावर घेतलं, पोळी सोडली, भात सोडला, रोज सोसायटीच्या बागेत फेऱ्या. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली आणि पाय तसेच. लाजपत नगरला जीन्स घ्यायला गेली तर मांडीला बसेल ती कमरेला एवढी ढगळ, की दुकानातली मुलगी म्हणाली, “दीदी, बेल्ट ले लो.”

थायरॉइड? हो हो, तो तपासायलाच हवा. थायरॉइड कमी पडला तरी अंग सुजल्यासारखं होतं, बाळंतपणानंतर तर विशेष बघावं लागतं. तिचा तपासून झालाय, ठीक आहे. आणि लिपेडिमा रक्ताच्या तपासणीत सापडतच नाही. म्हणून तर अशी पोरगी फाइलभर नॉर्मल रिपोर्ट घेऊन हिंडते आणि घरचे म्हणतात, “बघ, काही नाहीये तुला.”

मी तिला काय खातेस ते विचारलंच नाही. विचारलं, पाय कधी बदलले? क्षणभरही न थांबता म्हणाली, आठवीत. पाळी आली त्याच वर्षी. शाळेचा स्कर्ट कमरेला तोच आणि मोजे पोटरीवर चढेनात. मग अधेमध्ये बरं गेलं. आणि आता बाळंतपणात एकदम.

लिपेडिमाची ही ओळखीची वाट आहे: वयात येताना, गर्भारपणात आणि पाळी जायच्या सुमारास. या तीन वेळांना बाईच्या अंगात हार्मोनची उलथापालथ होते आणि नेमक्या त्याच वेळी हे डोकं वर काढतं, किंवा असलेलं वाढतं. पुरुषांना क्वचितच होतं, आणि झालं तर बहुतेकदा त्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन घसरलेलं असतं, नाहीतर लिव्हर बिघडलेलं. मग संशय हार्मोनवर जाणारच.

आता इस्ट्रोजेन काय करतं ते सांगते. वयात येणाऱ्या मुलीच्या अंगात ते वाढलं की चरबी पोटावर न बसता नितंबांवर, मांड्यांवर बसते. त्यात वाईट काही नाही. पुढच्या गर्भाची नि दुधाची ती बेगमी असते. मांडीवरची चरबी एरवी सहजासहजी हलत नाही, पण बाळ अंगावर प्यायला लागलं की हलते. लिपेडिमात ही बेगमी थांबायचं नावच घेत नाही, आणि वर तिला कळा लागतात. असं का, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. चरबीच्या पेशींवर इस्ट्रोजेन ओळखणारे रिसेप्टर असतात, दोन तऱ्हेचे, अल्फा आणि बीटा. या दोघांचं प्रमाण बिघडत असावं असा एक तर्क आहे. इटलीत २०२० मध्ये एका कुटुंबातल्या लिपेडिमाच्या बायकांमध्ये जनुकातला एक बदल सापडला. तो होता प्रोजेस्टेरॉनची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात. एका घरावरून गावाचा पंचनामा करता येत नाही, पण बोट पुन्हा हार्मोनकडेच गेलं.

आणि पाळी गेल्यावर? आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते. बीजकोशातलं इस्ट्रोजेन आटलं, म्हणजे पाय उतरायला हवेत, हो ना? उतरत नाहीत. उलट काहींचे तेव्हाच वाढतात. चरबी स्वतःच इस्ट्रोजेन बनवते ना. अरोमाटेज नावाचं एन्झाइम चरबीतच असतं, ते दुसऱ्या हार्मोनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करत बसतं. म्हणजे चरबी जास्त तिथे कारखाना चालू. म्हणून मला त्या “हार्मोन संतुलन” ज्यूसवाल्यांचा राग येतो. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बाई बाटल्या विकते ना? रक्तातलं प्रमाण नॉर्मल, मग संतुलन कशाचं करणार? गडबड असलीच तर ती त्या मांडीतल्या पेशी हार्मोनला कसा प्रतिसाद देतात त्यात असावी. बाटलीतलं आवळ्याचं पाणी तिथवर जाऊन काय करणार आहे?

थांबा, दुधाची पिशवी उन्हात राहिलीय तुमची. सावलीत ठेवा. हं.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी. त्या हल्ली खाली येत नाहीत, तुम्हाला वाटतं माजल्या. माजल्या नाहीत, डावा हात सुजलाय त्यांचा. त्यांच्या सासूचा सोन्याचा कडा होता ना, तो चढेना, म्हणून काढून ठेवला. आणि कडा कुठे गेला हे विचारणारी पहिली बाई कोण भेटेल या धास्तीनं त्या दुपट्ट्यात हात गुंडाळून बसतात. त्यांचं स्तनाचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात, वर रेडिएशन. त्यांना होतोय तो लिंफेडिमा. तुमच्या भाचीच्या दुखण्याचा नावापुरता सख्खा, जातीनं वेगळा.

लिंफ म्हणजे काय? रक्तवाहिन्यांतून जे पाणी बाहेर झिरपतं, त्यातलं दिवसाला दोन-तीन लिटर बारीक वाहिन्यांतून गोळा होऊन पुन्हा रक्तात जातं. त्या वाहिन्यांना स्वतःच्या झडपा असतात, त्या स्वतः आकुंचन पावतात, आणि हातापायांचे स्नायू हलले, खोल श्वास घेतला की त्यांना मदत होते. वाटेत गाठी लागतात, काखेत, जांघेत. त्या गाठीच काढल्या तर पाणी जाणार कुठून? दिल्लीत मिंटो ब्रिजखाली पावसाळ्यात पाणी कसं तुंबतं ते टीव्हीवर बघताच. तेच. काखेतल्या बहुतेक गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एका बाईचा हात पुढेमागे सुजतो. पहिल्या एक-दोन गाठीच काढून तपासल्या आणि भागलं, तर विसातल्या एकीचा. पाणी तुंबून राहिलं की त्यात प्रथिनं साचतात, मग जागा कडक होत जाते, चरबी धरते, आणि मग ती सूज रात्रीत उतरत नाही.

आंटींचं म्हणणं होतं की हे सगळं त्या रोजच्या गोळीमुळे. लेट्रोझोल घेतात त्या, आत्ता सांगितलं ना, चरबीतलं ते अरोमाटेज, ते बंद करणारीच गोळी आहे ती. कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा होता, म्हणून इस्ट्रोजेन बनूच द्यायचं नाही. पाळी चालू असलेल्यांना बहुतेकदा टॅमॉक्सिफेन देतात, ते इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं. तर आंटी म्हणाल्या, गोळी सोडते. माझा जीव खालीवर झाला. म्हटलं, “आंटीजी, हाथ बाद में देखेंगे, गोली मत छोड़ना.”

पण त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलंही नव्हतं, हे मला नंतर कळलं. फ्रान्समध्ये तुलूझला २०१८ मध्ये उंदरांवर काम झालं. तिथे इस्ट्रोजेन लिंफच्या वाहिन्यांना सांभाळतं असं दिसलं, आणि टॅमॉक्सिफेन दिल्यावर त्या वाहिन्या जास्त गळायला लागल्या. गंमत बघा. तुमच्या भाचीच्या मांडीत ज्या इस्ट्रोजेनकडे आपण संशयानं बघतोय, तेच आंटींच्या हातात राखण करत असावं. म्हणून कुणी “हार्मोन वाईट” किंवा “हार्मोन चांगलं” असं एका दमात म्हणालं, की मी समजते याला काही माहीत नाही. उंदीर ते उंदीर, आणि आंटी त्या आंटी. कर्करोग परत येऊ नये म्हणून ती गोळी आहे. हाताचा बंदोबस्त वेगळा करता येतो, त्यासाठी गोळी पणाला लावायची नाही.

शिवाय हार्मोनचं एक साधं काम असतं, पाणी धरणं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगठी घट्ट होते, ते काय उगाच? प्रोजेस्टेरॉन वाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू ढिले करतं. गर्भारपणात तर शरीरातलं पाणीच सहा ते आठ लिटरनं वाढतं. धडधाकट बाईचं निभावतं. पण जिच्या लिंफच्या वाहिन्या जन्मतःच कमी किंवा अधू आहेत, तिचा पाय अशाच वेळी उघडा पडतो. काही मुलींना वयात येताना एका पायाला सूज येते, कधी दोन्ही, पावलासकट. घरचे म्हणतात मुरगळला असेल, नजर लागली असेल. मेइज नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये घराण्यात चालत येणाऱ्या अशा सुजेबद्दल लिहिलंय. तिथे जोडव्याच्या जागचा चिमटा येत नाही, बरं का. पाऊल सुजलेलं असतं.

आमच्या वर्धेकडे सुजलेला पाय म्हटला की एकच नाव निघायचं, हत्तीपाय. लहानपणी रात्री दहानंतर आरोग्य खात्याची माणसं यायची, झोपेतून उठवून बोटाला टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायची. दिवसा का येत नाहीत म्हणून मी रडायचे. हत्तीपायाच्या जंतांची पिल्लं रात्रीच बाहेरच्या रक्तात येतात हे नंतर सेवाग्रामला नर्सिंग करताना कळलं. तिथल्या मेडिकल कॉलेजात तर फायलेरियाच्या, म्हणजे याच हत्तीरोगाच्या, रक्ततपासणीवर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. घाण पाण्यातला क्युलेक्स डास चावतो, जंत जाऊन लिंफच्या वाहिन्यांत ठाण मांडतात, पाच-सात वर्षं जगतात आणि वाहिन्यांचा सत्यानाश करतात. तिथे हार्मोनचा काडीचा संबंध नाही. आमच्या मोठ्या आईचा पाय असा होता, आणि लोक म्हणायचे गर्भारपणात थंडीत बसली म्हणून. डासाचं पाप बाळंतपणावर! आता गोळ्या वाटतात घरोघर, नागपूर जिल्ह्यात तर तीन औषधांची एकत्र मात्रा सुरुवातीच्या जिल्ह्यांबरोबरच दिली. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग घालवायचं ठरलंय. माझ्याकडे भांड्याला येते ना, तिची आई बिहारातून आलीय, तिचा उजवा पाय तसाच आहे. तिला मी फक्त एक काम लावलंय: रोज साबणानं पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, भेग दिसली की मलम. एवढ्यानं ते तापाचे, लाल होण्याचे झटके खूपच कमी होतात. तिच्या सुनेला वाटतं म्हातारीचे लाड चाललेत.

तर असे हे तीन सुजलेले पाय-हात आपल्याच ओळखीत, आणि तिघींनाही सांगितलं गेलं, वजन कमी करा.

एकीला तर लघवीची गोळीसुद्धा दिली होती. कुणाला ते विचारू नका. हार्टची, किडनीची सूज असेल तर ती गोळी हवीच, पण लिंफेडिमात आणि लिपेडिमात ती कामाची नाही. पाणी जातं, प्रथिनं नि चरबी तिथेच बसून राहतात, आणि बाईला चक्कर.

उपाय काय म्हणता? भाचीला म्हणावं, पाय मुळापासून बरे करतो म्हणणाऱ्याच्या दारातही उभी राहू नकोस. दाब देणारे मोजे हे पहिलं. तेही मापाचे, चांगल्या जाड विणीचे, सकाळी उठल्याउठल्या चढवायचे. चव्वेचाळीस डिग्रीत? हो, मला कळतं. मी आंटींना हातमोज्यावर स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारायला शिकवलंय, कूलरसमोर बसलं की गार वाटतं. दुसरं, पाण्यात चालणं. पाण्याचा दाब सगळ्या बाजूंनी मिळतो आणि सांध्यांवर भार येत नाही. भाचीच्या सोसायटीत एवढा निळाशार पूल आहे आणि ही काठावर बाळाची टोपी धरून बसते, कारण पाय दिसतील. घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे मिळतात आता, मी फोनवर दाखवले तिला. वजन आटोक्यात ठेवायचंच, कारण वर साधा लठ्ठपणा चढला की लिंफच्या वाहिन्यांवर ताण येतो आणि लिपेडिमाचं पुढे लिंफेडिमाशी लग्न लागतं. पण पोळी सोडल्यानं मांडी उतरेल अशी आशा दाखवायची नाही. ती न उतरल्यावर पोरगी स्वतःलाच शिव्या देते.

मसाज? तो लिंफ ड्रेनेजचा प्रकार व्होडर नावाच्या डॅनिश माणसानं १९३६ मध्ये पॅरिसला मांडला. अगदी हलक्या हाताचा असतो. तिकडे पार्लरमध्ये “लिंफॅटिक” म्हणून जे रगडतात, त्यानं हिचे डाग दुप्पट होतील. आणि चरबी शोषून काढायचं ऑपरेशनही असतं, लिपेडिमात काहींना खरंच आराम पडतो, पण ते घाईनं करायचं काम नाही. बाळ अंगावर पितंय तोवर तर विषयच नको. केरळात कासरगोडला एक संस्था आहे, तिथे आयुर्वेद, योगासनं आणि पट्ट्या एकत्र करून लिंफेडिमाच्या पायांवर काम करतात, तिथून हलके होऊन आलेले पाय मी पाहिलेत. आंटींना मी तेही सांगितलंय. आणि वजनं उचलायलाही. हो, त्याच हातानं! सगळे म्हणत होते बादलीसुद्धा उचलू नका. अमेरिकेत २००९ मध्ये १४१ बायकांवर प्रयोग करून दाखवलं की हळूहळू वाढवत वजनं उचलली तर सूज वाढत नाही, उलट झटके कमी येतात. शिकवणारा माणूस हवा मात्र, आणि हातात मोजा.

गर्भनिरोधक गोळ्यांचं भाचीनं मला विचारलं, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही मामी आहात. काही बायका सांगतात गोळीनं पाय जड झाले, काहींना काही होत नाही, ठामपणे सांगण्याजोगा पुरावा नाही. पण इस्ट्रोजेनच्या गोळीनं रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, हे मात्र पक्कं, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तसेही त्या बाबतीत नाजूकच. म्हणून डॉक्टरबाईंना पाय दाखवून मगच ठरव म्हटलं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पाय लाल, गरम, अंगात ताप, तरी त्याच दिवशी. आणि गर्भार असताना, किंवा बाळंतपणानंतरही, तोंडाला नि हातांना एकदम सूज आणि डोकं दुखतंय, तर आधी बीपी. हे तिघींनाही सांगितलंय, तुम्हीही ऐकून ठेवा.

आता खरी गंमत. तालकटोऱ्याला साहित्य संमेलन झालं ना, २०२५ च्या फेब्रुवारीत, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या ते? तेव्हा तुमच्या नणंदबाई, म्हणजे भाचीची आई, आल्या होत्या विट्याहून. स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना साडी जरा वर धरली त्यांनी. वहिनी, मी पाहिलं. घोट्यावर वळी, आणि पाऊल एवढंसं. जोडवी लग्नातलीच, सैल फिरतात बोटात. तेव्हा मी काही बोलले नाही, ग्रंथदिंडीच्या गप्पांत कुठे हे काढायचं! पण हे घराण्यात उतरतं. आणि तुमच्या घरात आयुष्यभर त्यांना चेष्टेनं काय म्हणतात ते मला माहीत आहे, तुमच्या सासूबाईंनीच सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात येतायत ना त्या, गोवा एक्सप्रेसनं? मिरजेपासून निजामुद्दीनपर्यंत बसून बसून पाय आणखी जड होतील, त्यांना म्हणावं दर थोड्या वेळानं डब्यात फेरी मारा. तुमच्या करोलबागेच्या दुकानातल्या पुरुषांसमोर विषय काढू नका. आधी मायलेकींना एका खोलीत बसवा आणि त्यांना एवढंच विचारा, की ताई, तुमचे पाय कधी बदलले? बघा, दोघींची वयं जुळतात का. मी येईनच संध्याकाळी, चिमटा घ्यायला. आणि त्या ए-ब्लॉकच्या दोघींनाही चहाला बोलवा, त्यातल्या एकीचा घोटा मला तसाच वाटतोय.